राहिलेले पाच बुधवार

२८ डिसेंबर

धाकटे,

फोन तू आधी उचलत नव्हतीस, आता तर तो लागतच नाही. नंबर बदललास असं दिसतंय. पत्ता बदलायला मात्र घर बदलावं लागतं, आणि त्या दोन खोल्या तुम्हाला चार वर्षांनी कशाबशा मिळाल्यात. म्हणून पत्र लिहिते आहे. हे तरी दारापर्यंत येईल.

पोहोचल्याचा निरोप नाही. तुझ्या लेकीला, माझ्या बॉबिनला, गाडी लागली का, वाटेत तिने काही खाल्लं का, काही कळलं नाही. चार वर्षं जिच्या वेण्या घातल्या ती मुलगी वीस तारखेच्या शनिवारी जिना उतरून गेली आणि मला साधं 'पोहोचलो' एवढंही नाही. माय मरो आणि मावशी जगो म्हणतात. म्हण करणाऱ्याला मावशीचं पुढे काय होतं ते ठाऊक नसावं.

"काय चारत होतीस माझ्या पोरीला?" असं तू विचारलंस, तेही जिन्यात उभं राहून. वरच्या मजल्यावरची बाई दार किलकिलं करून ऐकत होती, तिचे पाय मला दिसत होते. सात वर्षांची पोरगी माझ्या पदरात टाकून तुम्ही दोघं कामासाठी निघून गेलात, तेव्हा ती काय खाते हे विचारायचं तुला सुचलं नव्हतं. तिला भेंडी बुळबुळीत लागते, दुधावरची साय दिसली की ती ताट सरकवते, तापात तिला फक्त मऊ भात जातो. यातलं तुला काय माहीत होतं? आणि आता लघवी नारिंगी दिसली म्हणून एवढं आकांडतांडव. मी तुला तिथल्या तिथे सांगितलं होतं, टॉनिक आहे. ऐकून घेतलं नाहीस. तुझं हे लहानपणापासूनचंच, उचलली जीभ लावली टाळ्याला.

तर मुद्द्याचं. तू कचऱ्यात फेकलेली बाटली मी काढून, पुसून ठेवली आहे. आत तीस गोळ्या आहेत. दर बुधवारी सहा, एकदम, जेवण झाल्यावर. चुकवायच्या नाहीत. पार्सल वेगळं पाठवते आहे. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी लघवी नारिंगी होईल, रडली तर डोळ्यांतलं पाणीही तांबूस येईल. घाबरायचं कारण नाही. शक्तीचं औषध आहे, वाढत्या वयाच्या मुलींना देतात.

बुधवारीच का, तर त्या दिवशी मी घरच्या मशीनला तेल देते, म्हणून विसर पडत नाही. मी तेल द्यायचे, ती गोळ्या घ्यायची, आणि मग एक बटण दोऱ्यात ओवायची. सात बटणं झाली आहेत. तो दोरा तिच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात असेल, कचरा समजून टाकू नकोस. उरलेली पाच बटणं या पाकिटात घातली आहेत.

माझ्या खोकल्यावरून बोललीस त्याचं मला काही वाटलं नाही. पंचवीस वर्षं शाळेचे युनिफॉर्म कापणाऱ्या बाईच्या छातीत कापडाची धूळच भरणार, अत्तर नाही.

ताई


९ जानेवारी

धाकटे,

पार्सल परत आलं. वर तुझ्या अक्षरात 'घेणार नाही'. एवढ्या वर्षांत अक्षर काही सुधारलं नाही तुझं.

ठीक आहे. टॉनिक नव्हतं. झालं समाधान?

आता नीट वाच, आणि वाचून होईपर्यंत कागद फाडू नकोस. तिच्या शाळेत तपासणी झाली. हातावर बारीक सुई टोचतात आणि दोन दिवसांनी बघतात. तिच्या हातावर चांगला टणक फुगवटा आला. म्हणजे क्षयाचा जंतू तिच्या अंगात शिरलेला आहे. शिरलाय, पण झोपलेला आहे. एक्स-रे काढला, छाती स्वच्छ. ती आजारी नाही, तिला ताप नाही, खोकला नाही आणि तिच्यापासून कोणालाही काही होत नाही. पण झोपलेला आहे म्हणजे कधी जागा होणारच नाही असं कोणी लिहून देत नाही. दवाखान्यातली सिस्टर म्हणते, "साप झोपलाय तोवरच घराबाहेर काढायचा, बाई. जागा झाल्यावर काठी कुठे ठेवलीय ते शोधत बसायचं नाही." त्यासाठी या गोळ्या. बारा बुधवार, बस. सात झाले, पाच राहिले.

हे बारा डोस सोळा आठवड्यांच्या आत संपावे लागतात. पहिला पाच नोव्हेंबरला झाला. मी कॅलेंडर घेऊन मोजलं. या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेच्या बुधवारी तू पुन्हा सुरू केलंस तरच पाचही डोस मुदतीत बसतात. एक आठवडा जरी पुढे गेला तरी पोरीला सगळं पहिल्यापासून घ्यावं लागेल, आणि मधल्या काळात तो जागा झाला तर मग या गोळ्यांनी भागणारच नाही.

कुठून आला म्हणून विचारशील. मला काय माहीत? मुलं शाळेत जातात, गाडीत बसतात, दुकानात रांगेत उभी राहतात. कोण कुठे खोकतं याची वही कोणी ठेवत नाही. आणि विचारतेसच तर सांगते, मागच्या वर्षी तुझा नवरा चार दिवस इथे येऊन राहिला तेव्हा तो खोकत होता. बॉबिन त्याच्या मांडीवरून उठत नव्हती. त्या तुमच्या पॅकिंगच्या कारखान्यात कोंदट हवेत शंभर माणसं खांद्याला खांदा लावून उभी असतात. तू जरा तिकडेही बघ. दर वेळी बोट माझ्याकडेच कशाला?

मला दोष द्यायचा असेल तर दे, पण पोरीचं नुकसान करू नकोस. बाटली पुन्हा पाठवते आहे.

ताई


१९ जानेवारी

धाकटे,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. बाटलीही मिळाली, परत.

तू नवऱ्याचा एक्स-रे काढून आणलास. त्याच्या छातीत काही नाही. शाळेत फोन करून विचारलंस. शाळेत कसलीच तपासणी झालेली नाही. "ताई, तू एकावर एक खोटं बोलतेस. पोरगी धडधाकट आहे. नाव नसलेल्या बाटलीतली एकही गोळी मी तिला देणार नाही." तुझ्या जागी मी असते तर मीही हेच लिहिलं असतं. फक्त अक्षर बरं काढलं असतं.

आता खरं लिहिते. तीन दिवस कागद समोर ठेवून बसले होते. आज नाही लिहिलं तर अठ्ठावीस तारखेच्या आत पोहोचणार नाही.

क्षय मला झाला आहे. ऑक्टोबरमध्ये थुंकीत सापडला. खोकला त्याआधी तीन महिने होता, आणि त्या तीन महिन्यांत बॉबिन रात्री माझ्या शेजारीच झोपत होती. तिला दुसऱ्या कोणी दिला नाही. मी दिला. तुझ्या नवऱ्यावर मी जे ढकललं ते ठरवून ढकललं. त्याची माफी माग माझ्या वतीने. नको, मीच मागते. हा कागद त्याला दाखव.

सिस्टरने मला पहिल्याच दिवशी विचारलं, "घरात मुलं कोण कोण?"

मी म्हटलं, "कोणी नाही."

ती म्हणाली, "मग बाहेर बाकावर बसून माझ्या शिपायाला पाढे विचारतेय ती कोण?"

मग तिची तपासणी झाली. हाताची सुई, एक्स-रे, वजन, सगळं. गोळ्या सुरू करण्याआधी आईची किंवा वडिलांची सही लागते. सिस्टर म्हणाली, "आई कुठे असते हिची?" मी म्हटलं, "मीच." इतकं सहज निघालं तोंडातून, धाकटे, की मला स्वतःलाच नवल वाटलं. सही केली. जिथे 'आई' छापलेलं होतं तिथे केली. बॉबिन शेजारी उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं. दवाखान्याच्या बाहेर आल्यावर म्हणाली, "मावशी, हे आईला सांगायचं नाही का?" मी म्हटलं, "नाही." अकरा वर्षांच्या पोरीला मी खोट्याची जोडीदार केली, आणि तिने ते दोन महिने माझ्यापेक्षा चांगलं सांभाळलं.

तुला कळवलं असतं तर तू पहिल्या गाडीने येऊन तिला नेलं असतंस. पाच वर्षांपूर्वी तळमजल्यावरच्या शिंप्याला हा रोग झाला तेव्हा तू काय म्हणाली होतीस ते मी विसरलेले नाही. "असल्या माणसांनी पोरांच्या आसपास राहूच नये." तू गेलीस, तुमचं बस्तान बसलं, मला मूल नाही, माणूस नाही, संध्याकाळी दार वाजवणारी ती एकटीच. मला ती हवी होती. एवढंच आहे सगळं. याला चांगलं कापड लावून शिवता येत नाही.

गोळ्या पाकिटांत आल्या होत्या, वर औषधाचं नाव छापलेलं. मी एकेक काढून टॉनिकच्या रिकाम्या बाटलीत भरल्या आणि पाकिटं जाळली. वरच्या बाईने कचऱ्यात बघू नये, आमच्या शिलाईच्या कारखान्यात कोणाला कळू नये म्हणून. झाकली मूठ सव्वा लाखाची. आता ती मूठ उघडली तर आत पुरावासुद्धा नाही. औषधवाल्याला दाखवायला तुझ्याकडे नाव नव्हतं, ते माझ्या या शहाणपणामुळे.

आणि जिन्यात तू विचारलंस तेव्हा मला संधी होती. एक शब्द पुरला असता. मी तो बोलले असते तरी तू तिला नेलंच असतंस, पण गोळ्यांसकट नेलं असतंस.

आणखी एक. आई न्यूमोनियाने गेली नाही. तू पाच वर्षांची होतीस, तुला आत्याकडे ठेवलं होतं. तुला वाटायचं, ताईला आईजवळ ठेवलं आणि आपल्याला हाकललं. त्यावरून तू माझ्याशी आयुष्यभर भांडलीस. मी तेरा वर्षांची, स्वयंपाक करायला घरात कोणीतरी हवं होतं, म्हणून मला ठेवलं. मी तिच्या कुशीत झोपायचे. तिला हेच होतं. वडिलांनी सांगितलं, न्यूमोनिया म्हणायचं, नाहीतर मुलींची लग्नं होणार नाहीत. मी म्हणत राहिले. लग्न तुझं झालं. सिस्टर म्हणते, माझ्यात तो तेव्हापासूनच झोपलेला असेल. तीस वर्षं. मला कोणी बारा बुधवार दिले नाहीत. तेव्हा ही औषधं अशी मिळत नव्हती, आणि मिळाली असती तरी आपल्या घराने ती टॉनिकच्या बाटलीत भरली असती.

परवा सिस्टरला सगळं सांगितलं. खोट्या सहीचंही. ती इतकी चिडली की चष्मा काढून टेबलावर आपटला. "आई नाही तुम्ही? अहो, आईला विचारल्याशिवाय मी तिच्या लेकराला औषध दिलं! उद्या तिने माझी मान धरली तर?" मी म्हटलं, "माझी धरेल. तिला सवय आहे." ती हसली नाही. मग पाणी प्यायली आणि म्हणाली की गोळ्या पोस्टाने जाणार नाहीत. तुमच्या जवळच्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात हे सोबतचं कार्ड दाखव. ते पोरीला तपासतील आणि उरलेले पाच डोस तिथूनच देतील, पाकिटातले, नाव छापलेले, फुकट. तीही तिच्या ऑफिसातून कळवणार आहे, पण त्यांचे कागद गोगलगाईवर बसून जातात, त्यांच्या भरवशावर राहू नकोस.

कार्डावर माझं नाव 'घरातील रुग्ण' म्हणून आहे. नात्याच्या रकान्यात 'आई' लिहिलंय आणि खाली माझी सही आहे. म्हणजे मी जे जे लपवलं ते सगळं एका कागदावर तुझ्या हातात देते आहे. पोलिसांना दाखव, नातेवाइकांना दाखव, माझी हरकत नाही. पण त्याआधी दवाखान्यात दाखव.

अठ्ठावीस तारखेला बुधवार आहे. आधी गोळ्या, मग शिव्या. शिव्यांना मुदत नाही.

ताई


९ मार्च

धाकटे,

तुझं उत्तर आलं नाही. आलं असतं तर मलाच पेच पडला असता.

आज माझं महिन्याचं औषध आणायला गेले होते. एप्रिलअखेर माझा कोर्स संपेल. थुंकी डिसेंबरातच स्वच्छ निघाली होती, म्हणजे तू आलीस तेव्हा माझ्यापासून कोणाला धोका उरलाच नव्हता. हे मी तुला जिन्यात सांगू शकले असते, पण ते सांगायला आधी रोगाचं नाव घ्यावं लागलं असतं.

कारखान्यात मी स्वतःच सांगितलं. सुपरवायझरने काढून टाकलं नाही. माझं मशीन मात्र खिडकीशी एकटं नेऊन ठेवलं, आणि माझ्यानंतर नळाला कोणी हात लावत नाही. सिस्टर एकदा येऊन सगळ्या बायकांना तपासून गेली. ज्या माझ्याशी बोलत नाहीत त्यातल्याच दोघी परवा आपापली पोरं घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या दिसल्या. मला बघून त्यांनी तोंड फिरवलं. फिरवू देत, पोरं तर आणली.

सिस्टरने खण उघडला आणि कार्ड पुढे ठेवलं. तुमच्या तिकडच्या दवाखान्यातून तिच्या नावाने आलं होतं. माझ्या नावाने नव्हे.

अठ्ठावीस जानेवारीची नोंद होती. शेवटच्या दिवशी गेलीस. शाळेतही तू घंटा वाजल्यावरच फाटकात शिरायचीस. पुढच्या चारही बुधवारांच्या नोंदी आहेत, एकही चुकलेला नाही. शेवटची पंचवीस फेब्रुवारीची. खुणा तुझ्या हातच्या, वाकड्यातिकड्या. फक्त शेवटच्या चौकटीत खुणेऐवजी एक बारकं बटण काढलंय, चार भोकांचं. ते तुझं नाही. वजन अठ्ठावीस होतं, ते साडेएकोणतीस झालंय. म्हणजे तिचा युनिफॉर्म आता कमरेत आवळत असेल. उसवून बघ, आत दोन्ही बाजूंना बोटभर कापड मी जास्तीचं ठेवलेलं आहे. कोणाकडून नवीन शिवून घ्यायची गरज नाही.

मग मी खालच्या ओळी पाहिल्या. नात्याच्या रकान्यातला 'आई' शब्द तू खोडलास आणि वर 'मावशी' लिहिलंस. खाली माझ्या सहीवर रेघ मारलीस आणि शेजारी तुझी सही केलीस. पट्टी न लावता इतकी सरळ रेघ. कापडावर खडूने अशी रेघ मारायला तुला मीच शिकवलं होतं, तू नऊ वर्षांची असताना, स्वयंपाकघरात, वडिलांच्या जुन्या पँटवर.

मला वाटलं होतं की मला राग येईल. आला नाही. डोळ्यांतून पाणी आलं, आणि माझ्या औषधाने तेही तांबूस येतं, म्हणून मी कार्ड लांब धरलं. त्याच्यावर आता माझा एकही डाग नको होता. सिस्टर म्हणाली, "झालं की बाई पूर्ण. आता बहुतेक जन्मभर काही होणार नाही पोरीला. रडताय कशाला?"

होणार नाही, तेच तर. ती दहावीला बसेल, नोकरीला लागेल, तिला पोरं होतील, आणि छातीचं काही होणार नाही. आणि न झालेल्या गोष्टीचे उपकार कोण मानतं? ती आजारी पडून बरी झाली असती तर कोणीतरी म्हटलं असतं, मावशीने जिवाचं रान केलं. आता एवढंच उरलं की मावशीने रोग दिला, खोटं बोलली आणि आईच्या जागेवर सही केली. ते खरंच आहे. ती सही खोडलीस ते बरोबर केलंस. मात्र ती खोटी सही केली नसती तर पहिले सात बुधवार झाले नसते, हेही तुला ठाऊक आहे, म्हणूनच तू मला शिवी दिली नाहीस आणि पत्रही लिहिलं नाहीस.

तिला भेटायला पाठव असं मी म्हणत नाही. ती विचारेल तेव्हा मात्र खरं सांग, आजीपासूनचं सगळं. आपल्या घरात न्यूमोनिया हा शब्द आता बंद.

पुढच्या थंडीत कधीतरी तिला खोकला येईल. सगळ्या पोरांना येतो. तू रात्री उठून बसशील, तिच्या छातीला कान लावशील, आणि तुला मी आठवेन, चांगली नाही, पण आठवेन. तेव्हा घाबरू नकोस. आठवड्यात बरा झाला तर तो नुसता खोकला. तिला गरम पाणी दे, वेण्या घाल आणि शाळेत पाठव.

ताई